चष्म्याचा नंबर बदललाय, हे ओळखायचं कसं?

प्रश्न : चष्मा दोन वर्षांपूर्वीचा आहे. दिवसा ठीक दिसतं, पण रात्री गाडी चालवताना पाट्या पुसट होतात. नंबर वाढला असेल का?

शक्य आहे. अंधारात बाहुली मोठी होते आणि दिवसा खपून गेलेला पाव-अर्धा नंबर रात्री जाणवतो. पण आधी काचा धुऊन दिव्यासमोर तिरक्या धरा. बारीक ओरखडे असतील किंवा कोटिंग उडालं असेल, तर नंबर तोच असूनही समोरचे दिवे फाकतात. फ्रेमही बघा. उणे नंबर मोठा असेल आणि चष्मा नाकावरून घसरत असेल, तर काच डोळ्यापासून लांब जाते आणि तिची ताकद कमी पडते. नाकाचे पॅड नीट बसवून घेतले तरी फरक पडतो.

एवढं झालं की चष्मा लावूनच एकेक डोळा तळव्याने झाकून लांबची पाटी वाचा. झाकलेला डोळा दाबू नका. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढतो, त्यामुळे एका डोळ्याची नजर उतरलेली महिनोन्‌महिने कळत नाही. ज्या डोळ्याला पुसट दिसतं त्याच्यासमोर जाड कागदाला पाडलेलं साधारण १ मिलिमीटरचं भोक धरा. त्यातून पाटी स्पष्ट दिसली तर बहुधा नंबरच बदललाय. काहीच फरक पडला नाही, तर नवी काच करण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडून मोतीबिंदू आणि पडदा तपासून घ्या.

तक्रार नसली तरी मोठ्यांनी दर एक-दोन वर्षांनी डोळे तपासावेत. तपासणीत ०.२५ चा फरक निघाला आणि तुम्हाला नीट दिसत असेल, तर काचा बदलायची घाई नको.

प्रश्न : वय ४४. लांबचा नंबर उणे २.५०. हल्ली वाचताना चष्मा काढावा लागतो. नंबर कमी होतोय का?

नाही, ही चाळिशी. डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, म्हणून जवळचं धरायला मदत लागते. उणे २.५० च्या डोळ्याला चष्म्याशिवाय ४० सेंटिमीटरवरचं आपोआप स्पष्ट दिसतं, एवढंच. चाळिशीचा नंबर साधारण अधिक १.०० पासून सुरू होऊन साठीपर्यंत २.५० च्या आसपास जातो. चष्मा टाळला तरी तो वाढतोच.

प्रश्न : मधुमेहाचं औषध सुरू झालं आणि आठवड्यात चष्म्यातून धूसर दिसायला लागलं. नवा चष्मा करू?

आत्ता नको. रक्तातली साखर वर-खाली झाली की भिंगातलं पाणी कमी-जास्त होतं आणि नंबर सरकतो. आज केलेला चष्मा महिन्याभरात निरुपयोगी ठरेल. साखर चार-सहा आठवडे स्थिर राहू द्या, मग नंबर काढा. पडद्याची तपासणी मात्र त्यासाठी लांबवू नका. ती बाहुली मोठी करून दरवर्षी व्हायला हवी.

प्रश्न : चष्म्याच्या नव्या नंबरावर कॉन्टॅक्ट लेन्स मागवता येतील?

त्या कागदावरून मागवू नका. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटरवर असते, लेन्स थेट बुबुळावर बसते. म्हणून नंबर ४ च्या पुढे गेला की दोन्हींत फरक पडतो: चष्म्याच्या उणे ६.०० ला लेन्स साधारण उणे ५.५० ची लागते. शिवाय लेन्सची वक्रता आणि व्यास डोळ्यावर बसवूनच ठरवावे लागतात. घट्ट लेन्स बुबुळाला हवा पुरू देत नाही, सैल लेन्स पापणी मिटताच सरकते आणि नजर क्षणभर धूसर होते. तपासणीला चष्मा लावून जा. मऊ लेन्स निदान आदल्या दिवसापासून काढून ठेवा. कडक लेन्स बुबुळाचा आकार बदलते, म्हणून ती किती दिवस आधी काढायची ते विचारून घ्या. नंबर तोच असला तरी ही तपासणी वर्षाला एकदा हवीच. डोळा लाल झाला, दुखला किंवा उजेड सोसेना, तर लेन्स लगेच काढा आणि त्याच दिवशी डोळा दाखवा.

प्रश्न : मुलीचा नंबर दरवर्षी वाढतो. मुद्दाम कमी नंबर दिला तर थांबेल का?

नाही, तिला फळा मात्र दिसणार नाही. उणे नंबर वाढत असताना दर सहा महिन्यांनी तपासा, आणि थेंब घालूनच. मुलांच्या डोळ्यांचे स्नायू इतके जोरकस असतात की थेंबांशिवाय नंबर चुकीचा निघू शकतो.

प्रश्न : एका डोळ्याला दाराची चौकट वाकडी दिसते. पुढच्या महिन्यात नंबर काढायचाच आहे, तेव्हा सांगू का?

थांबू नका. सरळ रेघ वाकडी दिसणं हे पडद्याच्या मध्यभागाच्या आजाराचं लक्षण असू शकतं आणि त्यावर चष्मा हा उपाय नाही. आजच नेत्रतज्ज्ञांना फोन करून लवकरात लवकरची वेळ घ्या. अचानक प्रकाशाचे झोत चमकले, काळ्या ठिपक्यांचा सडा दिसला किंवा नजरेसमोर बाजूने काळा पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर तासांतच रुग्णालय गाठा.