‘ताता’ नव्हे, ‘ताता’!

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा आहे. ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘गाडी’ला ‘दादी’ म्हणतो. सासूबाई म्हणतात, जिभेला वेखंड लाव. मी दिवसभर ‘नीट बोल’ म्हणत मागे असते, पण आता तो बोलायचंच टाळतो. (एक आई, ठाणे)

‘नीट बोल’ म्हणणं आजच थांबवा. त्याला नीटच बोलायचंय. माझ्याकडे स्पीच थेरपीला असाच एक मुलगा यायचा. फोटोकडे बोट दाखवून मी मुद्दाम विचारलं, “हा ताता का?” तर चिडून म्हणाला, “ताता नाही, ताता!” माझी चूक त्याच्या कानाने पकडली होती, त्याची जीभ मात्र ऐकत नव्हती. ‘त’ला जिभेचं टोक वरच्या दातांना लागतं, ‘क’ला जिभेचा मागचा भाग वर टाळूला टेकतो. ही मागची उचल त्याला सापडलेली नसते. वेखंड ती कशी शिकवणार?

क-ग साधारण चार वर्षांपर्यंत यायला हवेत, तेव्हा आता वाट पाहू नका. आधी कान तपासा. वरचेवर सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं, तर हाक ऐकू येते, पण बारीक आवाज निसटतात. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत श्रवण आणि वाचा दोन्हींची तपासणी होते. इतरत्र गेलात, तर स्पीच थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी आहे का, ते जरूर विचारा.

थेरपीत आम्ही आरशासमोर बसवतो. जिभेचं टोक खालच्या दातांमागे धरून ठेवलं की ‘त’ म्हणताच येत नाही, आणि पुष्कळदा तिथेच पहिला ‘क’ फुटतो. मग ‘का’, ‘अक’, मग शब्द, शेवटी वाक्य. घरी तो “दादी आली” म्हणाला, तर तुम्ही “हो, गाडी आली, लाल गाडी!” म्हणा आणि गप्पा पुढे न्या. परत म्हणायला लावू नका.

प्रश्न : साडेतीन वर्षांची नात ‘राजा’ला ‘लाजा’ म्हणते. (एक आजोबा, सातारा)

‘र’ उशिराच येतो, कित्येकांना पाच-सहा वर्षांनी. बाहेरच्या माणसाला तिचं बाकी बोलणं कळत असेल, तर निर्धास्त राहा. ‘काळे राळे, गोरे राळे’ मात्र सध्या म्हणून घेऊ नका. ज्यांना ‘र’ येतो त्यांचा तो खेळ आहे.

प्रश्न : जीभ खाली चिकटलीय, जिभेखालचा पडदा कापून घ्यावा का? मुलगा चार वर्षांचा, काही अक्षरं बोबडी आहेत. (एक आई, नाशिक)

तोंड उघडं ठेवून जिभेचं टोक वरच्या दातांमागे लागतं का? लागत असेल, तर बोबडेपणाचं कारण बहुधा दुसरीकडे आहे. कापण्याआधी थेरपिस्टचं मत घ्या.

प्रश्न : मुलगी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणते. बाईंनी थेरपी सुचवली. (एक बाबा, अकोला)

घरी तुम्हीही ‘पानी’च म्हणता ना? मग हा दोष नाही, ही तिची वऱ्हाडी आहे. पुस्तकातला ‘ण’ ती शाळेत शिकेल. तिच्या आजीचा ‘न’ चुकीचा आहे, असं मात्र तिला कुणी सांगू नये.