‘किरकोळ वाढ संभवते’

प्रिय पोरी,

आशीर्वाद. तुझं पत्र आणि सोबतचा भिंतीचा अहवाल परवा मिळाला. अहवाल दोनदा वाचला. निवृत्त माणसाला दुसरं काय काम. गणित चोख आहे, नकाशे सुरेख आहेत. शहराच्या बाजूने पूरसंरक्षक भिंत घातली की बाजारपेठ, दवाखाने आणि नदीकाठच्या पेठा कोरड्या राहतील, हेही पटतं. तू पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलंयस ते शेवटून तिसऱ्या पानावरच्या एका ओळीपाशी: ‘समोरच्या काठावरील गावांत पूरपातळीत किरकोळ वाढ संभवते.’ किरकोळ म्हणजे किती, ते तक्त्यात जाऊन बघितलं. जवळजवळ फूटभर.

शहरात लाखांनी माणसं, पलीकडे तीन गावं. थोड्यांनी सोसून पुष्कळांचं भलं होत असेल तर अडायचं कशाला, असं तू विचारतेस. प्रश्न खोटा नाही. याच हिशोबावर मी सगळी नोकरी केली. पण आधी माझ्या एका रात्रीचं ऐक.

धरण कुठलं ते लिहीत नाही. ऑगस्ट होता, पाणलोटात तीन दिवस झड लागलेली, येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, तासातासाला वाढत होता. खाली शहर, शहराशी दुसरी एक नदी येऊन मिळते. दोन्ही पुरांची गाठ शहरापाशी एकाच वेळी पडू नये म्हणून विसर्ग पहाटेऐवजी मध्यरात्रीच वाढवायचा, असं मी ठरवलं. निर्णय बरोबर होता, आजही तोच घेईन. शहरात पाणी फूटभर कमी चढलं. पेपरात कौतुक छापून आलं, बायकोने कात्रण जपून ठेवलं. पण धरण आणि शहर यांच्या मध्ये, नदीच्या वळणावर एक गाव होतं. उजाडल्यावर आलं असतं ते पाणी त्याला झोपेत आलं.

आठवड्याने पंचनाम्याच्या लोकांबरोबर मी तिथे गेलो. एका गोठ्यात गव्हाणीपाशी दोन खुंटे होते, दोन्हींना दावी तशीच बांधलेली. म्हशी आदल्या दिवशी ओढून नेऊन पुरल्या होत्या. दाव्यांना ओढ बसून गाठी इतक्या आवळल्या होत्या की सोडवता येईनात. घरातल्या म्हातारीने शेवटी विळ्याने कापल्या. मी मनात उत्तर तयार करून गेलो होतो, शहर का वाचवलं, किती माणसं होती वगैरे. तिने ते विचारलंच नाही. म्हणाली, “पानी येनारच हुतं सायेब. पर सांच्याला सांगितलं असतं तर दावी तरी सोडली असती.”

आमच्या रजिस्टरात संदेश दिल्याची वेळ नोंदलेली होती. बिनतारीवरून तालुक्याला, तिथून तलाठ्याला, तलाठ्याकडून कोतवालाला. कोतवालाचं घर ओढ्यापलीकडे, आणि ओढ्याला तेव्हाच फुगवटा आलेला. कागदावर कुणाचीच चूक नव्हती. त्या गावातली पहिली दावण किती विसर्गाला बुडते हे मला माहीत नव्हतं, आणि ते माहीत करून घेणं हे माझं काम आहे असं मला तोवर वाटलंही नव्हतं. चूक म्हणशील तर ती.

आता अमेरिकेतल्या मिसिसिपीकडे चल. गावं बुडवून शहर वाचवायचा हिशोब त्या नदीवर फार उघडपणे मांडला गेलाय, म्हणून आपल्या धंद्यातल्या माणसाने तो वाचायलाच हवा.

१९२७ च्या वसंतात मिसिसिपीला न भूतो असा पूर आला. न्यू ऑर्लिन्समधल्या बँकवाल्यांनी आणि बड्या धेंडांनी गव्हर्नरला गाठून एक मागणी केली: शहराच्या खाली केर्नार्वनला नदीचा बांध सुरुंगाने उडवा, म्हणजे पाणी तिकडून समुद्राला जाईल आणि शहराची पातळी उतरेल. ‘तिकडून’ म्हणजे सेंट बर्नार्ड आणि प्लाकमिन्स या दोन पॅरिशांतून. पॅरिश म्हणजे तिथला जिल्हाच. तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं राहत होती, बरीचशी दलदलीत मस्करॅट नावाचा पाणउंदरासारखा प्राणी पकडून कातडी विकणारी. शहराने नुकसानभरपाईचं लेखी वचन दिलं. लोकांना ट्रकांत घालून शहरातल्या गोदामात आणून ठेवलं. २९ एप्रिलला पहिला सुरुंग लागला तेव्हा तो बघायला पास काढून पाहुणे आले होते. बांध काही एका दमात फुटला नाही. पुढचे दहा दिवस सुरुंग लावत राहावं लागलं, ३९ टन डायनामाइट खर्ची पडलं.

आणि याच सुमाराला नदीच्या वरच्या अंगाला बांध आपोआप फुटले. पाणी तिकडे पसरलं. शहराला ज्या संकटाची भीती होती ते मुळात तिथवर पोचणारच नव्हतं.

पण माझं लक्ष नंतरच्या हिशोबावर अडकतं. साडेतीन कोटी डॉलरचे दावे आले. लोकांच्या हाती पडला तो त्यातला किरकोळ हिस्सा (तुझ्या अहवालातलाच शब्द). हजारभर दावेदारांना छदामही मिळाला नाही. आणि मिळाला त्यांच्या रकमेतून गोदामात राहण्याजेवण्याचा खर्च कापून घेतला. तुमचं घर आम्ही बुडवलं, तुम्हाला आम्ही जेवू घातलं, आता जेवणाचे पैसे द्या! वचन देणारे तेच, दावे तपासणारेही तेच. मग दुसरं काय होणार.

या पुराने अमेरिकन सरकारला एवढं तरी शिकवलं की पाणी कुठे सोडायचं ते ऐन पुरात ठरवायचं नाही. १९२८ मध्ये कायदा झाला. न्यू ऑर्लिन्सच्या वर बॉने कॅरेचा सांडवा बांधला. आणि बरंच वर, मिसुरी राज्यात, ओहायो नदी जिथे मिसिसिपीला मिळते तिथे बर्ड्स पॉइंटपासून न्यू माद्रिदपर्यंत १ लाख ३० हजार एकरांचा पट्टा ‘पूरवाट’ म्हणून राखला. जमीन लोकांचीच राहिली. त्यावरून पाणी सोडायचा हक्क तेवढा सरकारने पैसे मोजून विकत घेतला आणि दप्तरी नोंदवला. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात पुराचं नाव चढवलं. जमीन पुढे कुणी घेतली तरी हक्क तिच्याबरोबर गेला. संगमावरचं केरो गाव वाचवायला, तिथल्या गेजवर (पाण्याची उंची मोजायच्या पट्टीवर) पाणी ठरलेल्या फुटांवर जाण्याची चिन्हं दिसली की बांध उडवायचा, हेही आधी ठरलेलं; पुढे तो आकडा ६१ फूट झाला. १९३७ मध्ये एकदा उडवला. नंतर ७४ वर्षं वेळच आली नाही.

२ मे २०११ ला आली. केरोला नदी ६१.७२ फुटांवर होती. मिसुरी राज्य कोर्टात गेलं होतं. थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊनही स्थगिती मिळाली नाही. बांधात पुरलेल्या नळ्यांत द्रवरूप स्फोटकं भरायचं काम विजा कडाडत होत्या म्हणून मध्येच थांबवावं लागलं. रात्री दहाच्या सुमाराला लष्कराच्या अभियंता दलाचे मेजर जनरल मायकेल वॉल्श यांच्या हुकमाने बांध उडाला. हुकूम कुणी दिला हे सगळ्या देशाला माहीत होतं, हेही ध्यानात घे. आपल्याकडे ‘वरून आदेश आले’ म्हणतात, आणि त्या ‘वर’ कोण बसलंय ते शेवटपर्यंत कळत नाही.

तर नियम होता, हक्क विकत घेतलेला होता, कोर्टाने तपासलं होतं, पट्ट्यातली दोनेकशे माणसं आधी बाहेर पडली होती. यापेक्षा नीट कसं करायचं, असं वाटतं ना? मलाही वाटायचं. मग पिनहूकबद्दल वाचलं.

पिनहूक म्हणजे त्या पट्ट्यातलं तीसेक माणसांचं गाव. १९४० च्या दशकात काळ्या कुळांनी तिथे जमीन घेऊन ते वसवलं. पूरवाटेतच का घेतली? कारण चांगली, उंचावरची जमीन त्यांना कुणी विकत नव्हतं. पाणी सोडण्याचे पैसे मिळाले होते ते आधीच्या मालकांना. २०११ च्या पाण्याने ते गाव संपलं. माणसं आसपासच्या गावांत पांगली आणि पुन्हा एकत्र राहायला एखादी जागा मिळावी म्हणून वर्षानुवर्षं सरकारी दारं झिजवत राहिली. ज्या केरोसाठी हे झालं तेही काही श्रीमंत शहर नव्हे. तीनेक हजार वस्तीचं, बहुसंख्य काळ्या, गरीब लोकांचं. म्हणजे ‘शहर श्रीमंत, गाव गरीब’ हा आपला ठरलेला नाट्यप्रवेश तिथे लागू पडत नाही. नियमाने नकाशावरचा पट्टा बघितला होता. त्या पट्ट्यात पुढे कोण आणि कशामुळे येऊन राहिलं, ते सत्तर वर्षांत कुणी पुन्हा बघितलं नाही.

चीनमध्ये पूर साठवायचे पट्टेच ठरलेले आहेत आणि २००० सालापासून भरपाईचा नियमही आहे: पिकाच्या सरासरी उत्पन्नाच्या ५० ते ७० टक्के, घराच्या नुकसानीच्या ७० टक्के. आपल्यापेक्षा स्पष्ट, असं म्हणावं लागेल. पण ऑगस्ट २०२३ मध्ये हबेई प्रांतातल्या झुओझोऊला गळ्याइतकं पाणी असताना प्रांताचे पक्षप्रमुख म्हणाले की आपल्याला राजधानीचा खंदक व्हायचंय. लोक खवळले. भरपाई घेणारा माणूस खंदक व्हायला राजी असतोच असं नाही.

आता आपल्याकडे ये. पुरासाठी आपण देतो त्याला ‘सानुग्रह अनुदान’ म्हणतो. अनुग्रह कसला? आभाळातून पडलेल्या पाण्याबद्दल दिलं तर एकवेळ समजू शकतो. भिंत घालून, दार उघडून, आपण ठरवून त्यांच्या अंगणात ढकललेल्या पाण्याबद्दल द्यायचं ते देणं झालं, आणि देण्याला तारीख लागते. मुळशीच्या मावळ्यांनी मुंबईच्या विजेसाठी जमिनी बुडवून घ्यायला नकार दिला त्याला १९२१ मध्ये सुरुवात झाली. शंभर वर्षांनीही आपण तेच विचारतोय की ज्याच्यासाठी बुडायचं त्याने काय दिलं?

तुझ्या शहराने काय दिलंय, ते त्या अहवालात कुठेच नाही. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीसाठी मोकळ्या ठेवायच्या जागेत, भराव टाकून मंगल कार्यालयं, शोरूम, बंगले उभे राहिले. नदीची जागा आधी शहराने घेतली, आणि आता तिला पलीकडच्या गावात जा म्हणून सांगायचं. भिंतीला माझा सरसकट विरोध नाही. दवाखान्याच्या अतिदक्षता विभागात पाणी शिरू द्या, असं कोण म्हणेल? पण भिंतीआधी किती भराव निघणार, कुठली मैदानं आणि पार्किंगच्या जागा शहर स्वतः पाण्याला देणार, याचं एक कोष्टक जोडायला सांग. साहेब चिडतील. चिडू देत.

आणि फुटांचं. कृष्णाकाठी लहान पोरालाही सांगलीच्या आयर्विन पुलाचे आकडे पाठ: ४० ला इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला ५७ च्या वर. शहरात कुठल्या फुटाला कुठली गल्ली बुडते हे पानपट्टीवाला सांगतो. पण समोरच्या गावातल्या शाळेच्या पायरीला किती फुटांना पाणी लागतं? त्याची पाटी कुठेच नाही. ज्या गावाला गेजच नाही त्या गावातली वाढ किरकोळ म्हणणं फार सोपं जातं. २०१९ मध्ये ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढताना नाव उलटली. तिथल्या घरांचे फूट आधी कुणी मोजून ठेवले होते?

म्हणून सही करायच्या आधी एक कर. पावसाळ्याला अजून अडीच महिने आहेत. लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (तिच्याबरोबरची आकड्यांची पट्टी) घेऊन त्या तीन गावांत जा. सरपंचाच्या घरी चहा घे, पण तिथेच बसून राहू नकोस. घराघराच्या भिंतीवर दोन खुणा कर: एक २०१९ च्या पाण्याची, दुसरी तिच्यावर फूटभर. दुसरी खूण कुठे येते ते घरातल्या माणसांनाच बघू दे. कुठे ओट्यावर येईल, कुठे धान्याच्या कणगीवर, कुठे स्विचबोर्डावर. एखाद्या घरी नुसता उंबरा भिजेल, तेही प्रामाणिकपणे लिही. मग ग्रामसभेत तुझ्या अहवालातली ती ओळ मोठ्याने वाचून दाखव. शिव्या बसतील. माणसं काय मागतात ते त्यानंतर ऐक. कदाचित पैसे मागतील, कदाचित उंचावर गोठ्यांसाठी गायरानातली जागा, कदाचित एक बोट आणि ती चालवणारा पगारी माणूस. कदाचित भिंतच नको म्हणतील. जे म्हणतील ते त्यांच्या शब्दांत अहवालाला जोड, आणि ‘किरकोळ’ खोडून तिथे घरांची संख्या लिही.

जाशील तेव्हा तिन्ही गावांत कोतवालाचं घर ओढ्याच्या कुठल्या बाजूला आहे तेही बघून ये. आणि खुणा चुन्याने करू नकोस, पहिल्या वळवात धुऊन जातात. ऑइलपेंट घे, तांबडा.

तुझा,
काका