गोळी आधी, पोहे मागून

वहिनी, भाऊंना पार्किन्सन आहे, म्हणजे हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार, तेव्हा पहिलं म्हणजे गोळीची वेळ सांभाळा. त्यांची ही गोळी, लेव्होडोपा, खाण्याच्या निदान अर्धा तास आधी, नुसत्या पाण्याबरोबर द्या. दूध, पनीर, डाळीतल्या प्रथिनांनी तिचा परिणाम कमी होतो. इंदुरात सकाळी पोहे आणि दुधाचा चहा एकदमच पुढ्यात येतात, म्हणून सांगते. मळमळलं तर दुकानातून मेटोक्लोप्रमाइड आणू नका, त्यानं त्रास वाढतो, डॉक्टरांना विचारा.

दारात भाऊंचे पाय खिळले तर हात धरून ओढू नका, तोल जाईल. उंबऱ्यापाशी रंगीत पट्टी चिकटवा आणि ‘ही ओलांडा’ म्हणा. बहुतेकदा पाऊल सुटतं. चेहरा कोरा दिसला तरी रुसलेत असं समजू नका, तो आजारच. बटणं मात्र त्यांची त्यांनाच लावू द्या, लागू दे वेळ. आणि संध्याकाळी कुणाला तरी त्यांच्यापाशी बसवून राजवाड्यापर्यंत चक्कर मारून या. नणंद काय म्हणेल ते म्हणो!