दादाला ते घर आठवायचंच नाहीये

एका वाचक मैत्रिणीने सल्ला विचारणारं पत्र पाठवलंय, ते थोडक्यात असं:

ताई, मी छप्पन्न वर्षांची, जन्म लंडनचाच. बाबा साठच्या दशकात गिरगावच्या चाळीतून इकडे आले, बसवर कंडक्टर होते. १९७१ मध्ये आम्हाला ईस्ट लंडनला कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा भाड्याचा फ्लॅट मिळाला, तिसरा मजला, सगळ्या दारांपुढून जाणारी लांब गॅलरी. आई चार वर्षांपूर्वी गेली, बाबा या फेब्रुवारीत. आता चार आठवड्यांत घर रिकामं करून किल्ल्या परत द्यायच्यात. माझी मुलगी कॉलेजसाठी त्या घराच्या आठवणी रेकॉर्ड करतेय आणि मी भरभरून बोलते. गॅलरीतले खेळ, शेजारच्या आयरिश काकूंचा सोडा ब्रेड, १९७७ ची राणीच्या ज्युबिलीची पार्टी, दादा मला शाळेतून रोज बाजाराला वळसा घालून मागच्या जिन्याने घरी आणायचा आणि वाटेत चिप्स घ्यायचा ते. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. हे ऐकून तो एवढा भडकला. म्हणाला, काय होतं तिथे, ओल आणि शिव्या, बाबांना ते धड विकतही घेता आलं नाही, आणि तू आपली गरिबी चव्हाट्यावर मांडतेस. त्याने त्याच्या मुलांना तो पत्ताही कधी सांगितलेला नाही. आवरायला यायला तयार नाही. ताई, माझ्या आठवणी खोट्या आहेत का?

अगं, आधी बाबांचं ऐकून वाईट वाटलं. चार वर्षांत दोघंही गेले आणि आता घरही चाललंय, म्हणजे रडायला जी जागा असते तीच हातातून जातेय, आणि त्यात भावाचं हे बोलणं. मी तुला अगं-तुगं करतेय, वयाने तेवढी मोठी आहे मी.

तुझ्या आठवणी खोट्या नाहीत, अपुऱ्या आहेत. असं का म्हणते ते सांगते, पण आधी तुझ्या दादाने जो गरिबी शब्द वापरलाय ना त्याबद्दल बोलू दे, कारण तो मला बोचलाय. मी १९७६ मध्ये लग्न होऊन आले आणि पहिली आठ वर्षं साउथ लंडनला अशाच एका इस्टेटीत, म्हणजे कौन्सिलच्या वसाहतीत राहिले, माझा मुलगा तिथल्याच लिनोलियमवर रांगायला शिकला.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने अख्खे मोहल्ले गेले होते, ईस्ट लंडनचं तर विचारूच नकोस, आणि त्यानंतर ही घरं बांधली गेली. अन्युरिन बेव्हन हा ज्याच्यामुळे एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा आली तोच मंत्री घरांचं खातंही बघत होता, आणि त्याचा हट्ट होता की घरं कमी झाली तरी चालतील पण कोंदट बांधायची नाहीत, तीन बेडरूमच्या घराला नऊशे चौरस फूट तरी हवेतच. १९४९ च्या कायद्यात तर कौन्सिलची घरं 'कामगार वर्गासाठी' ही अटच काढून टाकली, म्हणजे डॉक्टर, किराणावाला, खाटीक, मजूर सगळे एका रस्त्यावर राहावेत ही कल्पना. तुमच्याच भागात पॉपलरला लॅन्सबरी इस्टेट आहे बघ, १९५१ च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन या देशभरच्या महोत्सवात ती चक्क प्रदर्शन म्हणून लोकांना दाखवली होती, तिकडे लोक घरं बघायला यायचे. आणि सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा या देशात दर तीन कुटुंबांतलं जवळजवळ एक कौन्सिलच्या घरात राहत होतं. तेव्हा त्यात लाज वाटण्यासारखं काय होतं सांग. 'इस्टेटवर राहतात' हे नाक मुरडून म्हणायची पद्धत नंतर बोकाळली, आणि तुझा दादा नोकरीला लागला, चारचौघांत वावरायला लागला तो नेमका त्याच काळात, त्यामुळे ती नजर त्याच्या अंगाला चिकटली असणार.

आणि बाबांचा विचार कर ना. गिरगावात एका खोलीत पाच-सहा माणसं, संडास गॅलरीच्या टोकाला, सकाळी बादली घेऊन रांग. तिथून निघालेल्या माणसाला स्वतःचा बाथटब, गरम पाणी, दाराला आतून कडी असलेला संडास मिळाला, आणि वर गॅलरी आहेच, शेजारणीच्या घरात काय शिजतंय ते कळायला. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा आमच्या गॅलरीत उभं राहून म्हणाल्या, अगं ही तर चाळच आहे, फक्त थंडी जास्त. विकत घेतलं नाही म्हणशील तर १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना सवलतीत घर घेता यायला लागलं, बऱ्याच जणांनी घेतलं, कोणाचं भलं झालं आणि कोणी हप्त्यांत बुडाले. कंडक्टरच्या पगारात कर्ज नको वाटलं असेल बाबांना. तो हिशेब आता मुलांनी मांडू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि यावर मी याहून जास्त बोलणार नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या फ्लॅटात गॅसचा मीटर नाण्यांवर चालायचा. दहा पेन्सची नाणी मी बोर्नव्हिटाच्या डब्यात जमवून ठेवायचे. दर काही महिन्यांनी मीटरवाला यायचा, कुलूप काढून पेटी किचनच्या टेबलावर पालथी करायचा आणि नाण्यांच्या चवडी लावायचा, इतक्या भराभर की बघत राहावं, बोटांची टोकं काळी झालेली असायची त्याची. मोजून झालं की दरापेक्षा जास्त पडलेली नाणी तो आमच्याकडे सरकवायचा आणि बाकीची पिशवीत भरून घेऊन जायचा. माझा मुलगा आज पंचेचाळीस पार आहे आणि अजून सांगतो, आई तो काका यायचा तो दिवस म्हणजे माझी दिवाळी होती, तो मला एक चवड पाडायला द्यायचा. त्याला हे माहीतच नाही की एकदा जानेवारीत रात्री दोनला गॅस गेला, डब्यात एकही नाणं नाही, हे नाइट ड्यूटीवर, आणि त्याला खोकला झालेला. मी त्याला शालीत गुंडाळून समोरच्या बाईंचं दार वाजवलं. त्यांनी एक शब्द न बोलता पर्समधून तीन नाणी काढून माझ्या हातावर ठेवली. माझ्याच हाताने भरायचे मी तो मीटर, पण मला चवडी आठवतच नाहीत, मला ते दार वाजवणं आठवतं. आणि त्याला चवडीच आठवाव्यात म्हणून मी ते दार वाजवल्याचं त्याला कधी सांगितलं नाही.

म्हणून तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला सोडेना. दादा मला रोज बाजाराला वळसा घालून मागच्या जिन्याने घरी आणायचा. का गं? शाळा सुटलेली, बाहेर थंडी, तेरा-चौदा वर्षांचा भुकेला मुलगा, त्याला सरळ घरी यायचं सोडून रोज लांबून यायची काय हौस? आणि चिप्सचे पैसे कुठून आणायचा तो? पुढचा जिना का नको होता त्याला?

तू आठ-नऊ वर्षांची होतीस ते साल १९७७-७८. आठव ते वर्ष, किंवा तुला आठवणार नाही म्हणून सांगते. नॅशनल फ्रंटवाले, म्हणजे बाहेरून आलेल्यांना हाकला म्हणणारा तो गोऱ्यांचा पक्ष, बंगाली वस्तीतल्या ब्रिक लेनच्या तोंडाशी उभे राहून पेपर विकायचे. १९७८ च्या मे महिन्यात व्हाइटचॅपलला अल्ताब अली नावाच्या कपड्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या बंगाली तरुणाला कामावरून घरी जाताना रस्त्यात मारलं, आणि दहा दिवसांनी हजारो माणसं त्याची शवपेटी घेऊन पंतप्रधानांच्या दारापर्यंत, डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेली. आज तिथल्या बागेला त्याचं नाव आहे. इस्टेटच्या जिन्यांत टोळकं करून उभी राहणारी पोरं काय बोलायची, काय फेकायची, हे आमच्या पिढीच्या प्रत्येकाला ठाऊक आहे, फक्त आम्ही आमच्या मुलांना सांगितलं नाही, आणि मोठ्या मुलांनी धाकट्यांना सांगितलं नाही.

मला तुझ्या इस्टेटच्या जिन्यात काय झालं ते माहीत नाही, मी तिथे नव्हते. पण मला असं वाटतं की तुझं ते गोड बालपण तुझ्या दादाने रोज साडेतीनला बाजाराला वळसा घालून तुला मिळवून दिलंय. आणि आता तू तेच बालपण उत्साहाने मुलीला सांगतेस तेव्हा त्याला काय ऐकू येत असेल? की तिथे काहीच झालं नव्हतं. तो चिडला तो तुझ्या आनंदावर नाही गं, आपल्याला जे झालं ते कोणाच्या खिजगणतीतच नाही यावर चिडला असावा. गरिबी, लाज, चव्हाटा हे शब्द हाताशी असतात म्हणून माणूस ते फेकून मारतो.

तर काय कर. त्याला फोटो पाठवू नकोस, 'बघ किती छान दिवस होते' असं तर अजिबात म्हणू नकोस. सरळ विचार, दादा, आपण मागच्या जिन्याने का यायचो? एवढंच. फोनवर विचारलंस तरी चालेल, पण मुलगी बाजूला रेकॉर्डर घेऊन बसलेली नको. तो म्हणेल, सोड ना आता. मग सोड. प्रश्न त्याच्यापाशी राहू दे. आमच्या वयाच्या पुरुषांना उत्तर द्यायला कधी कधी आठवडा लागतो, कधी वर्ष लागतं.

मुलीच्या प्रोजेक्टचं म्हणशील तर तुझ्या आठवणी तू बिनधास्त सांग, त्या तुझ्या आहेत. पण दादाच्या वाटेचं त्याला विचारल्याशिवाय एक अक्षरही नाही, नाव नाही, फोटो नाही. आणि मुलीला एवढं नक्की सांग की आजीच्या घरात दोन मुलं वाढली आणि धाकटीचंच ऐकून तुझं काम पूर्ण होणार नाही. चांगली पोरगी असेल तर तिला कळेल.

घर आवरताना बाबांचं रेंट बुक सापडलं तर जपून ठेव, दर आठवड्याला भरलेल्या भाड्याची नोंद असते त्यात, तीसुद्धा त्यांच्या कष्टाचीच डायरी. भिंती, खिडक्या, किचनचं कपाट सगळ्याचे फोटो काढ, गॅलरीत उभं राहून दोन मिनिटांचा आवाजही रेकॉर्ड कर. आयरिश काकू किंवा त्यांची मुलं अजून आसपास असतील तर जाऊन भेट, पुढच्या जिन्याबद्दल त्यांनाही काही ठाऊक असेल. जुने पडदे-गाद्या यांच्यात जीव अडकवू नकोस, चार आठवडे भुर्रकन जातात. त्या घराची वाट बघणारं कुठलंतरी कुटुंब यादीत असेल, बहुतेक दोन पोरांसकट, हे मला तरी बरं वाटतं.

किल्ल्या बहुतेक सोमवारी दुपारच्या आत द्याव्या लागतात, तुझ्या नोटिशीत बघून घे. मीटरच्या रीडिंगचा फोटो काढायला विसरू नकोस. आदल्या दिवशी, रविवारी, घर पूर्ण रिकामं झाल्यावर दादाला एक निरोप टाक की मी चारपर्यंत तिथे आहे, आवरायचं काही उरलेलं नाही, नुसता ये. थर्मासमध्ये चहा ने, दोन कप ने. तो आला तर खाली उतरून त्याला भेट आणि वर कुठल्या जिन्याने जायचं ते त्याला ठरवू दे.