ट्रंपेट घेताना तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड आधी बघा

खालचे डी आणि सी शार्प चढे लागले की लगेच ओठांना दोष देऊ नका. प्रत्येक व्हॉल्व्हची (बोटाने दाबायच्या झडपेची) नळी तो एकटाच दाबल्यावर सुरात येईल इतकीच लांब असते. दोन-तीन एकत्र दाबले की ती तोकडी पडते. तिन्ही नळ्या अशा अचूक कापल्या तरी १+३ला (पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकत्र) डी सुमारे ३० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतो, १+२+३ला सी शार्प ५०च्याही वर. म्हणून तिसऱ्या स्लाइडला, म्हणजे तिसऱ्या व्हॉल्व्हच्या सरकत्या नळीला, बोटासाठी कडं हवंच आणि वाजवता वाजवता ती सहज सरकली पाहिजे. जाम बसवलेली असेल तर ते वाद्य सोडा. स्लाइड १ सेंमी ओढली की नळी २ सेंमी वाढते, तेव्हा जरा जपून.

तपासणी वाद्य फुंकून गरम झाल्यावरच करा. थंड असताना ते उतरं बोलतं. ट्यूनरकडे न बघता स्वर लावा, स्थिरावला की मग आकडा बघा, नाहीतर ओठ गुपचूप दुरुस्ती करतात. व्हॉल्व्ह न दाबता येणारा वरचा ई १४ सेंटच्या आसपास उतरणारच, तो पाचवा हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा स्वर. १+२ने वाजवून बघा. पण मधल्या आणि वरच्या जीमधलं सप्तकच जुळत नसेल तर आधी दुसरा माउथपीस लावा. तरीही तसंच राहिलं, तर दोष बहुधा लीडपाइपच्या (माउथपीस बसतो त्या पहिल्या नळीच्या) घडणीत. तिथे स्लाइड ओढून काही साधत नाही.