विकिपीडियाचे नियम कुठून शिकायला सुरुवात करावी?

तुम्ही एका लेखिकेवरच्या लेखात दोन परिच्छेद घातले, तासाभरात कोणीतरी ते काढून टाकले आणि कारण म्हणून 'संदर्भ नाही, तटस्थ नाही' एवढंच लिहिलं. नियम वाचायला गेलात तर एका पानातून दुसरं पान निघत राहिलं. आता तुम्ही विचारताय की हे सगळं वाचून होईपर्यंत संपादनाला हात लावायचाच नाही का?

जरूर लावायचा. बिनधास्त संपादन करा, चुकलं तर दुसरं कोणी दुरुस्त करेल, हेही विकिपीडियाचं जुनं तत्त्वच आहे. मी बरीच वर्षं तिथे लिहितो आहे आणि सगळे नियम ओळीने वाचून मग कामाला लागलेला संपादक मला अजून भेटलेला नाही. नियम पाठ करण्यापेक्षा ते कशामुळे आले हे कळलं, तर निम्मे नियम न वाचताही ओळखता येतात.

विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला. त्याआधी त्याच मंडळींचा न्यूपीडिया नावाचा प्रकल्प होता. तिथे लेख तज्ज्ञांनी लिहायचे आणि सात टप्प्यांच्या तपासणीतून गेल्यावरच ते प्रसिद्ध व्हायचे. साहजिकच लेख फार थोडे झाले. विकिपीडियाने दार सगळ्यांना उघडं केलं, पण त्याबरोबर एक अडचण आली: लिहिणारा कोण आहे हे वाचकाला कळायला मार्ग नाही. छापील कोशात लेखाखाली अभ्यासकाचं नाव असतं, मागे संपादक मंडळ उभं असतं. इथे तसं काही नाही. म्हणून लिहिणाऱ्याच्या अधिकाराची जागा संदर्भाने घेतली. तुम्ही त्या लेखिकेच्या विद्यार्थिनी असाल, तिला रोज भेटत असाल, तरी 'मला माहीत आहे' हे तिथे चालत नाही. त्यात तुमच्यावर अविश्वास नाही. तीच सूट मग प्रत्येकाला द्यावी लागेल, म्हणून ती कोणालाच नाही.

सूट दिली की काय होतं, याचं उदाहरण २००५ सालचं आहे. जॉन सायगेनथॉलर हे अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार, एके काळी रॉबर्ट केनेडींचे सहायक. त्यांच्यावरच्या लेखात एका निनावी माणसाने लिहिलं की केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये त्यांचा हात असल्याचा संशय होता. साफ खोटं, पण ते वाक्य चार महिन्यांहून जास्त काळ तिथे राहिलं. सायगेनथॉलर यांनी वृत्तपत्रात लेख लिहून हे चव्हाट्यावर आणलं, आणि त्याच डिसेंबरात इंग्रजी विकिपीडियाने खातं नसलेल्यांना नवे लेख सुरू करायला बंदी केली. हयात व्यक्तींच्या लेखांत संदर्भाविना आलेला वादग्रस्त मजकूर लगेच काढतात, चर्चेची वाटही बघत नाहीत. तुमची लेखिका हयात असेल तर तासाभरात झालेल्या कारवाईचं कारण हेच असू शकतं.

तटस्थतेचं आपल्याला जास्त जड जातं, कारण गौरवाची भाषा आपल्या हाताला बसलेली असते. समजा वाक्य असं आहे: 'अष्टपैलू प्रतिभेच्या या थोर लेखिकेने आपल्या सशक्त लेखणीने वाचकांच्या मनावर अधिराज्य गाजवले.' यातलं काय तपासता येतं? काहीच नाही. आता त्याजागी त्यांनी किती कादंबऱ्या लिहिल्या, पहिली कोणत्या साली आली, कोणता पुरस्कार मिळाला, कोणत्या समीक्षकाने कोणत्या नियतकालिकात काय म्हटलं हे लिहा आणि प्रत्येक वाक्यापाशी संदर्भ द्या. थोरवी वाचकाला आपोआप दिसते, तुम्ही सांगावी लागत नाही. एखाद्या समीक्षकाने टीका केली असेल तर तीही नावानिशी यायला हवी. लेखिका आवडती असेल तर हे लिहिताना हात अडतो, पण लेखावर विश्वास बसतो तो यामुळेच.

स्वतःचं संशोधन नको, हा नियम सगळ्यात कमी समजतो. एका पुस्तकात लिहिलंय की कादंबरी अमुक साली आली. दुसऱ्यात लिहिलंय की त्याच साली पुरस्काराचे निकष बदलले. दोन्ही संदर्भ चोख आहेत. पण 'त्यामुळे त्यांचा पुरस्कार हुकला' हे तुम्ही लिहिलंत तर तो निष्कर्ष तुमचा झाला. तो कदाचित बरोबरही असेल. मग लेख लिहून कुठेतरी छापा, विकिपीडियावर तो नंतर संदर्भ म्हणून येऊ शकतो.

बाकीचं थोडक्यात सांगतो. वृत्तपत्रातला किंवा पुस्तकातला मजकूर जसाच्या तसा उचलायचा नाही, स्वतःच्या शब्दांत लिहायचा. स्वतःवर, घरच्यांवर किंवा आपल्या संस्थेवर लेख लिहू नये. आणि स्वतंत्र लेख हवा असेल तर त्या व्यक्तीची दखल तिच्याशी संबंध नसलेल्या माध्यमांनी पुरेशी घेतलेली हवी.

खरं शिक्षण मात्र धोरणांच्या पानांपेक्षा 'इतिहास' या पानावर होतं. तुमच्या आवडीचा, भरपूर मोठा झालेला एखादा लेख उघडा आणि त्याचा इतिहास बघा. कोणी काय घातलं, कोणी काय काढलं, कारण काय दिलं, सगळं तारीखवार असतं, आणि दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरकही बघता येतो. मग चर्चापान, म्हणजे त्या लेखाबद्दल संपादक आपसात बोलतात ते पान, वाचा. एका विशेषणावरून माणसं किती सविस्तर आणि किती सभ्यपणे भांडतात हे बघून नियम जसे डोक्यात बसतात, तसे ते नुसते वाचून बसत नाहीत. मला हा विकिपीडियाचा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

तुमच्या परिच्छेदांचं म्हणाल, तर ते गेलेले नाहीत, इतिहासात सुरक्षित आहेत. पण तसेच परत टाकू नका. तुम्ही टाकायचं, त्यांनी काढायचं, हे सुरू झालं की मजकूर बरोबर असूनही माणूस अडकतो. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं संपादन उलटवलं तर खातं रोखलं जाऊ शकतं. ते परिच्छेद धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, घ्या, विशेषणं काढा, ज्या वाक्यांना संदर्भ मिळतो तेवढीच ठेवा. मग लेखाच्या चर्चापानावर लिहा की हे असं घालायचा विचार आहे, हे संदर्भ आहेत, कोणाची हरकत आहे का? शेवटी चार टिल्डे (~~~~) टाकले की तुमची सही आणि वेळ आपोआप उमटते. ज्यांनी मजकूर काढला त्यांना त्यांच्या चर्चापानावर कळवा. चार-आठ दिवसांत कोणी काही बोललं नाही तर लेखात घाला, आणि जतन करताना कारणाच्या चौकटीत 'चर्चापान पाहावे' असं लिहा.