लागोसला परत येतेस, तर आधी हे वाच

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

पुण्यातली नोकरी सोडून तू लागोसला कायमची यायचं ठरवलंस, हे परवा तुझ्या बाबांनी फोनवर सांगितलं. मला मनापासून आनंद झाला. इथली तरुण मंडळी मिळेल त्या व्हिसावर कॅनडा-इंग्लंड गाठताहेत, 'जापा', म्हणजे देश सोडून जाणं, हा शब्द तर आता शाळकरी पोरांच्याही तोंडी आहे. अशा वेळी ही मुलगी उलटी कशी आली, असं तुला तोंडावर विचारणारे भेटतील. त्यांना पटवत बसू नकोस. नायजेरिया तुझ्या आईचा देश आहे आणि तुझ्याकडे इथला हिरवा पासपोर्ट आहे, एवढं कारण पुरे.

पण एक लक्षात घे. तू इथून गेलीस तेव्हा शाळेत होतीस. सुरुलेरेच्या घरात डिझेल कोण आणतं, टाकी कधी भरते, वॉचमनला ईदला काय द्यायचं, हे सगळं आई बघायची. तुला आठवतं ते लागोस तुझ्या आईने सांभाळून तुझ्यापुढे ठेवलेलं आहे. आईबाबा आता पुण्यातच राहणार, म्हणजे ते सांभाळण्याचं काम तुझ्याकडे आलं. म्हणून हे लांबलचक पत्र.

इथलं प्रत्येक घर म्हणजे एक छोटी नगरपालिकाच असते. पाणी आपल्या बोअरचं, वीज बरीचशी आपल्या जनरेटरची किंवा इन्व्हर्टरची, राखण आपल्या वॉचमनची, आणि गल्लीतला खड्डा शेजाऱ्यांनी वर्गणी काढून बुजवायचा. तेव्हा घर बघायला जाशील तेव्हा नव्या रंगाला भुलू नकोस. आधी बाथरूममध्ये जा. नळाखालच्या पांढऱ्या टाइलवर आणि कमोडच्या आत तांबूस ओघळ दिसले, तर बोअरच्या पाण्यात लोह आहे. तुझे पांढरे कपडे बघता बघता पिवळे पडतील आणि फिल्टरचा खर्च तुझ्या गळ्यात येईल. कंपाउंडच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीची ओलीची रेघ असेल तर पावसाळ्यात तिथे पाणी शिरतं, मग एजंट काहीही सांगो. तेच घर पुन्हा एकदा रात्री आठच्या सुमाराला जाऊन बघ. गल्लीत किती जनरेटर धडधडताहेत ते ऐक. शेजारच्या बाईला विचार की लाइट किती तास असते, मीटर प्रीपेड आहे की अंदाजाने बिल येतं, आणि गल्लीला वीज पुरवणारी लाइन, म्हणजे फीडर, कोणत्या बँडचा आहे. एप्रिल 2024 मध्ये 'बँड ए'च्या ग्राहकांना दिवसाला किमान 20 तास वीज द्यायची असं ठरलं आणि त्यांचा युनिटचा दर 68 नायरांच्या आसपास होता तो एकदम 225 वर नेला. नंतर थोडा उतरला, तरी दोनशेच्या वरच राहिला. म्हणजे लाइट असली तरी एसी विचार करूनच लावायचा. आणि हो, लाइट आली की अजूनही सगळी गल्ली 'अप नेपा!' म्हणून ओरडते. नेपा हे जुनं सरकारी वीजमंडळ कधीच इतिहासजमा झालं, पण ती आरोळी तुला तशीच ऐकू येईल.

घरभाडं इथे वर्षाचं आणि आगाऊ. लागोसच्या 2011 च्या भाडेकायद्यात नव्या भाडेकरूकडून एका वर्षापेक्षा जास्त आगाऊ घेऊ नये असं लिहिलंय, तरी दोन वर्षांचं मागणारे सर्रास भेटतात. इकोयी, व्हिक्टोरिया आयलंड, आपापा आणि इकेजा जीआरए हे भाग तर त्या कायद्यातून वगळलेलेच आहेत. वर एजंटचे आणि करारनाम्याचे साधारण दहा-दहा टक्के, अनामत, सर्व्हिस चार्ज. पगार महिन्याचा आणि भाडं वर्षाचं, या कात्रीत बाहेरून आलेली मुलं हमखास सापडतात. पहिल्या पगारापासून भाड्याचा बारावा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकत जा आणि त्याला हात लावू नकोस. शक्यतो ऑफिस ज्या बाजूला, त्याच बाजूला घर घे. मेनलँड आणि बेटं जोडणारा थर्ड मेनलँड ब्रिज जेमतेम बारा किलोमीटरचा आहे, पण सकाळ-संध्याकाळच्या गो-स्लोमध्ये, म्हणजे वाहनांच्या कोंडीत, रोज तो ओलांडणाऱ्या मुलींचे चेहरे मी बघते. पाचला उठायचं, रात्री नऊला घरी, आणि मग ना स्वयंपाक ना माणसं. सप्टेंबर 2023 पासून मरीना ते माइल टू अशी ब्लू लाइनची रेल्वे सुरू झाली आहे. तुझं ऑफिस त्या बाजूला असेल तर तिचा जरूर विचार कर. तिकिटासाठी काउरी कार्ड काढून ठेव, बीआरटीच्या बसलाही तेच चालतं. दान्फोत, म्हणजे पिवळ्या खासगी मिनीबसमध्ये, बसणार असशील तर सुटे पैसे हातात ठेवूनच चढायचं.

आता माणसांबद्दल, कारण मला खरं सांगायचंय ते हेच. ही घरोघरची नगरपालिका माणसांवर चालते. वॉचमन, जनरेटरचा मेकॅनिक, कोपऱ्यावर छत्रीखाली कार्डावर रोख पैसे देणारं पीओएस मशीन घेऊन बसणारी बाई, पाण्याचा टँकरवाला. पहिल्या महिन्यातच या सगळ्यांची नावं पाठ कर. मध्यरात्री पंप बंद पडला तर कुठलंही ॲप धावून येत नाही, वॉचमन येतो. तुझ्या आईच्या समाजातल्या, म्हणजे योरुबा माणसाशी अभिवादनाशिवाय कामाचं बोलणं सुरू करू नये. सकाळी 'ए काआरो', दुपारी 'ए कासान', आणि कोणी कामात असेल तर 'ए कु इशे'. बँकेच्या खिडकीशी जाऊन तू थेट 'माझं काम झालं का' विचारलंस तर समोरच्या बाईला ते उद्धट वाटेल आणि तुझा कागद खालीच राहील. पुण्यात सरळ मुद्द्याचं बोलायची सवय अंगवळणी पडली असेल, ती इथे जरा बाजूला ठेव. डाव्या हाताने काही द्यायचं-घ्यायचं नाही, हे तुला आजीने शिकवलंच आहे.

तुझा चेहरा बाबांवर गेलाय. तेव्हा तेजुओशोच्या बाजारात पहिली हाक 'ओयिंबो!', म्हणजे 'गोरी!', अशीच येणार आणि भाव चढणार. मनाला लावून घेऊ नकोस. टोमॅटोवालीसमोर उभी राहा, गुडघे किंचित वाकव, 'ए कु इशे, मा' म्हण आणि मग विचार, 'एलो नी?', म्हणजे 'कितीला?' तुझ्या तोंडून आईची इजेबूकडची योरुबा ऐकली की ती आधी शेजारणीकडे बघेल, मग मोठ्याने हसेल, आणि भाव आपोआप खाली येईल. तरी निम्म्यापासून सुरुवात कर आणि 'लास्ट प्राइस'पर्यंत जा. सौदा ठरला की वर 'जारा' माग, ती मूठभर मिरच्या घालेलच. गारी (कसाव्याचा रवा), तांदूळ, बीन्स मापाने मिळतात: डेरिका, कोंगो, नाहीतर रंगाच्या डब्याचं 'पेंट'. माप भरण्याआधी डबा आतून बघून घे, काही डब्यांचा तळ ठोकून वर आणलेला असतो. एकदा चांगली बाई सापडली की दुकान बदलू नकोस. ती तुला 'कस्टमर' म्हणेल, तूही तिला 'कस्टमर'च म्हण. महागाईच्या दिवसांत टंचाई झाली की ती तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवते.

महागाईवरून आठवलं. मे 2023 मध्ये पेट्रोलची सबसिडी गेली, जूनमध्ये नायरा मोकळा सोडला. तेव्हा 460 च्या आसपास असलेला डॉलर पुढच्या वर्षी दीड हजारावर गेला. 2023 च्याच सुरुवातीला नोटाबदलीत लोक स्वतःच्याच पैशांसाठी बँकेबाहेर ताटकळले होते. या लोकांनी खूप सोसलंय गं. म्हणून त्यांच्यासमोर 'रुपयांत हे स्वस्तच पडतं' असं चुकूनही बोलू नकोस. जो नायरात कमावतो त्याला ते जिव्हारी लागतं. दोन वेगवेगळ्या बँकांत खाती ठेव, कारण नेटवर्क नेमकं पैसे देतानाच जातं. पैसे पाठवल्यावर दुकानदाराच्या फोनवर अलर्ट येईपर्यंत थांबावं लागतं, त्यात अपमान मानू नकोस.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. सगळ्यात आधी एनआयएन, म्हणजे राष्ट्रीय ओळख क्रमांक. त्याच्याशिवाय सिमकार्ड नाही, बँकेचा बीव्हीएन हा ओळख क्रमांक नाही, काहीच नाही. मग एनवायएससी. तू तिशीच्या आत पदवी घेतलीस, तेव्हा वर्षभराची ही राष्ट्रसेवा तुला चुकणार नाही, आणि त्याच्या प्रमाणपत्राशिवाय चांगल्या नोकरीचे दरवाजे उघडत नाहीत. दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, विद्यापीठाची पदवी, सगळ्या गुणपत्रिका मूळ स्वरूपात बरोबर आण. जुना पासपोर्टही टाकू नकोस, जाण्या-येण्याचे शिक्के लागतात. तीन आठवड्यांचा कॅम्प असतो. कदाचित दूरच्या राज्यात नेमणूक होईल. काहीजण पहिल्या दिवसापासून बदलीसाठी खटपट करतात. तिथे सुरक्षिततेची खरी अडचण नसेल तर तू तसं करू नकोस. तुझा देश तू फक्त लागोसपुरता पाहिला आहेस.

इजेबू-ओडेला आजीकडे पहिल्याच महिन्यात जा. गुडघे टेकून नमस्कार कर, ती उठवेपर्यंत उठू नकोस. नातेवाईक पैसे मागतील. फी, औषध, बारसं, अंत्यविधी, लग्नाचं आसो-एबी, म्हणजे सगळ्यांनी घालायचे एकसारखे कपडे. बाहेरून आलेल्याकडे पैसा असतोच, असं सगळे धरून चालतात. पूर्ण हात आखडता घेतलास तर माणसं तुटतील, आणि सगळ्यांना हो म्हटलंस तर वर्षाचं भाडं उभं राहणार नाही. महिन्याची एक रक्कम ठरव. ती संपली की 'या महिन्यात जमणार नाही, मामा' असं नीट फोन करून सांग, मेसेजवर नको. आणि पैसे नसतील तेव्हाही जात राहा. ओवाम्बेला, म्हणजे घरच्या मोठ्या समारंभाला, नुसती हजेरी लावलीस तरी ते लक्षात ठेवतात. नाचणाऱ्यांवर नोटा उधळण्याची पद्धत आहे, पण 2007 च्या मध्यवर्ती बँकेच्या कायद्याने तो गुन्हा आहे आणि अलीकडे लोकांना त्यासाठी तुरुंगही झालाय. तू पाकीटच दे.

आणि मलेरिया. लहानपणी कितीदा झाला होता, मला काही होत नाही, असं म्हणू नकोस. इतकी वर्षं बाहेर राहिल्यावर अंगातली ती ताकद ओसरते, आणि बाहेरून आलेली माणसंच जास्त आजारी पडलेली मी पाहिली आहेत. मच्छरदाणी पहिल्या रात्रीपासून लाव. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घे, आणि गोळ्या दिल्या तर बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण कर. शेजारी जे औषध सुचवतील ते तपासणीआधी घ्यायचं नाही, कितीही प्रेमाने देवोत.

निघण्याआधी यलो फीव्हरची लस घे, किमान दहा दिवस आधी. ते पिवळं कार्ड इथे उतरताना लागतं आणि पुढे पुण्याला आजीला भेटायला जाशील तेव्हा तिकडेही लागेलच. ओसीआय कार्डही त्याच पाकिटात ठेव. तूरडाळ, पोहे आणू नकोस, इलुपेजूतल्या भारतीय दुकानांत सगळं मिळतं. गोडा मसाला मात्र घरचा आण. तिकिटाची तारीख कळव, मी ड्रायव्हर पाठवते. विमानतळावर ट्रॉली दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस. घर मिळेपर्यंत आमच्याकडेच राहा. वरची खोली तुझ्यासाठी साफ करून ठेवली आहे.

तुझी,
काकू